पर्वतीच्या पायरीवरचं "शाब्बास": जाड माणसाला तोंडावर बोलणं ही माया की आगाऊपणा?

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पुण्यात वाढलेल्या माणसाला हा आकडा शाळेपासून पाठ असतो, मलाही होता, पण माझ्या गुडघ्यांना तो पहिल्यांदा कळला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, वजन १०६ किलो असताना. सकाळचे सव्वासहा, साधारण निम्म्यात येऊन थांबलो होतो, एक हात कमरेवर, टीशर्ट पाठीला चिकटलेला आणि चेहरा असा केलेला की बघणाऱ्याला वाटावं हा खालचं पुणं न्याहाळतोय, धाप वगैरे काही लागलेली नाही. तेवढ्यात वरून एक काका झपझप उतरत आले, पांढरे बूट, कानटोपी, सत्तरीचे असतील. समोर थांबले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शाब्बास! असंच रोज येत राहा, तीन महिन्यांत उतरेल सगळं!" पाठीवर एक थाप, आणि गेले.

मी "हो हो, थँक्यू काका" म्हणालो. आणि पुढचे चार दिवस पर्वतीला गेलो नाही.

आता काकांनी शिवी दिली नव्हती, टोमणाही मारला नव्हता, उलट कौतुकच केलं होतं, मग माझं बिनसलं कुठे हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे चांगलंच बोलले की ते." मित्राला सांगितलं, तो कायम बारीक, तो म्हणाला "तुम्हा लोकांना काही बोलायचीच सोय नाही, बोललं तर फॅट शेमिंग, नाही बोललं तर काळजी नाही." त्याचंही अगदीच चूक नाहीये. म्हणून मी या विषयावर जरा वाचलं, डॉक्टर मैत्रिणीचं डोकं खाल्लं, आणि जे काही कळलं ते इथे सांगतोय. मी डॉक्टर नाही, मी फक्त त्या पायरीवर उभा होतो.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट. जाड माणसाला तो जाड आहे हे माहीत असतं. हे इतकं उघड आहे की लिहायलाही लाज वाटते, पण "मी आपलं स्पष्ट सांगतो" म्हणणाऱ्यांचा सगळा डोलारा याच्यावरच उभा असतो, की समोरच्याला अजून कुणी सांगितलंच नाही आणि आपण सांगितलं की लख्ख उजेड पडेल. अहो, लग्नाच्या मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी मी तिचे पाय हाताने दाबून बघतो, एकावर एक दोन खुर्च्या मिळाल्या तर सरळ दोन घेऊन बसतो. शेअर रिक्षात चौथा कोण बसणार यावरून ड्रायव्हर माझ्याकडे बघतो. दुकानात शर्ट उलगडायच्या आधीच "तुमच्या मापात नाही येणार सर". हे दिवसभर चालू असतं. त्यात भर आपल्या भाषेची. मूल जाड असेल तर गुटगुटीत, बाळसं धरलंय, आणि तेच मूल सहावीत गेलं की ढब्बू, ढोल्या. "तब्येत सुधारलीय" हे कौतुक आहे का टोमणा हे म्हणणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखायचं. "सुटलास की रे!" हे तर "कसा आहेस" याच्या जागी वापरतात. आणि दिवाळीला जी मावशी दारातच "अगंबाई, किती सुटलीस!" म्हणते तीच दहा मिनिटांनी ताटात तिसरी करंजी टाकते आणि "एकाने काय होतंय" म्हणते. माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर दीड वर्ष हेच ऐकावं लागलं, आधी डिंकाचे लाडू खा खा म्हणून आग्रह आणि मग "आता जरा मनावर घे". बायकांच्या बाबतीत हे आणखी वाईट असतं कारण तिथे लग्न ठरण्यापासून सगळ्यात वजन मधे येतं.

दुसरी गोष्ट, जी बारीक लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. माझी उंची ५ फूट ८ इंच. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तो २५ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साधारण ७५ किलो. म्हणजे मी ३१ किलो जास्त होतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमधे १४.२ किलो गॅस असतो, लोखंड धरून भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा होतो. तर त्या सकाळी पर्वतीवर मी एक अख्खा भरलेला सिलिंडर अंगावर घेऊन चढत होतो आणि काका रिकाम्या हाताने. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतो तेव्हा आपण त्याला "शाब्बास, असंच चढत राहा" म्हणतो का? नाही, आपण दार उघडं ठेवतो आणि पाणी विचारतो.

आता, तोंडावर बोलल्याने माणूस खरंच हलतो का? बोलून बोलून जाडी उतरत असती तर आपल्याकडे एकही जाड माणूस उरला नसता, कारण बोलायला कुणी कमी केलेलं नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याच्या वर निघाला, त्याआधीच्या सर्वेक्षणात हेच आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. म्हणजे वाढतंय.

इंग्लंडमधे पन्नाशीच्या पुढच्या लोकांचा एक मोठा, वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास आहे, त्यातल्या २,९४४ लोकांची माहिती घेऊन २०१४ साली एक निष्कर्ष छापून आला. ज्यांनी सांगितलं की वजनावरून आम्हाला वाईट वागवलं जातं, त्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ०.९५ किलोने वाढलं, आणि ज्यांना असा अनुभव नव्हता त्यांचं ०.७१ किलोने कमी झालं. फरक छोटा आहे, आणि यात कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न राहतोच, पण "बोललं की लाजेने तरी करेल" हा जो आपला घरगुती सिद्धांत आहे त्याच्या बरोबर उलट्या दिशेला ही आकडेवारी जाते. कारण शोधायला फार लांब जायला नको. लाज वाटली की माणूस लपतो, आणि व्यायाम ही लपून करायची गोष्ट नाही. टेकडी, ग्राउंड, जिम, स्विमिंग टँक, सगळं चारचौघांत. ज्याला बघे नकोत तो घरी बसतो, आणि घरी फरसाणाचा डबा असतो, तो काही बोलत नाही.

यातच आणखी एक भाग आहे, आपल्याकडे ज्याला हट्ट म्हणतात तो. १९९३ साली अमेरिकेत दारू सोडवणाऱ्या समुपदेशकांवर एक अभ्यास झाला होता, विल्यम मिलर नावाचे मानसशास्त्रज्ञ त्यात होते. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, "तुला कळत कसं नाही" या सुरात, तितकं समोरच्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त निघालं. कारण तुम्ही माझ्या तोंडावर एका बाजूचं वकीलपत्र घेतलंत की दुसऱ्या बाजूचं मी आपोआप घेतो. "तू चाललं पाहिजेस" म्हटलं की माझ्या तोंडातून "पण माझा गुडघा" बाहेर पडतं, आणि एकदा ते मीच म्हटलं की ते मला आणखी पटतं. घरात पोरांना अभ्यासाला बसवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, फक्त ते जाड नातेवाइकाला लागू पडतं असं वाटत नाही.

इथे कुणीतरी म्हणणार, माझ्या मामाला डॉक्टरने झापलं आणि त्याने ३० किलो कमी केले. असतीलही, मला अशी माणसं भेटली आहेत. पण झापल्यावर ज्याचं कमी झालं तो प्रत्येक लग्नात सांगतो, आणि झापल्यावर ज्याने त्या डॉक्टरकडे जाणंच सोडलं तो कुठे सांगत फिरत नाही. माझ्याच बाबतीत, खांदा दुखतो म्हणून एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी खांद्याला हातही न लावता "आधी वजन कमी करा" म्हणून परत पाठवलं, तो खांदा पुढे आठ महिने मी कुणालाच दाखवला नाही.

आता काकांच्या वाक्यातला दुसरा तुकडा, "उतरेल सगळं". हा मला जास्त घातक वाटतो, आणि तो इतका प्रेमाने बोलला जातो की कुणाला शंकाच येत नाही. व्यायाम केला की वजन उतरतं हे आपण धरून चाललेलो असतो. उतरतं, पण वाटतं त्यापेक्षा खूप कमी. अर्धा तास भरभर चाललं तर दीडशे-दोनशे कॅलरी जातात, एक वडापाव साधारण तीनशेचा. शिवाय शरीर काही गप्प बसत नाही, भूक वाढवतं, उरलेल्या दिवसात हालचाल कमी करून हिशोब जुळवतं. अमेरिकेत "द बिगेस्ट लूजर" नावाचा टीव्ही शो होता, जाड लोकांना आणून त्यांच्यावर ओरडून ओरडून तासन् तास व्यायाम करून घ्यायचे, तोंडावर बोलण्याची ती अगदी परमावधी. त्यातल्या १४ स्पर्धकांना केविन हॉल या संशोधकाच्या टीमने सहा वर्षांनी परत तपासलं, ते २०१६ ला छापून आलं. शोमधे सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि नुसतं बसून राहिल्यावर शरीर जी ऊर्जा जाळतं ती त्यांच्या वजनाच्या मानाने रोज ५०० कॅलरींनी कमी झाली होती, सहा वर्षांनंतरही. म्हणजे शरीर तो धक्का विसरलेलंच नव्हतं, दुष्काळ बघितलेल्या आजीसारखं, डबे भरून ठेवायची सवय जात नाही.

मग व्यायाम कशाला करायचा? खरं तर हेच कुणी सांगत नाही. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनची नेहमीएवढी मनधरणी करावी लागत नाही. बीपी उतरतं, झोप लागते, मूड बरा राहतो, आणि यातलं बरंचसं काट्यावर एक किलोचा फरक न पडताही होतं. २०१४ साली १० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की ज्यांचा दमसास चांगला नाही त्यांना मरणाचा धोका साधारण दुप्पट, मग ते बारीक असोत का जाड, आणि दमसास चांगला असलेल्या जाड माणसाचा धोका दमसासवाल्या बारीक माणसाच्या जवळपासच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि २०२० पासून त्यांनी "एका वेळी कमीत कमी १० मिनिटं हवीत" ही अटही काढून टाकली, म्हणजे पर्वतीवर निम्म्यात थांबत थांबत चढलेलंही धरलं जातं. पण मला काकांनी सांगितलं काय, तर तीन महिन्यांत उतरेल. समजा मी ऐकून तीन महिने रोज गेलो असतो आणि काटा दोन किलोंनी हलला असता, तर मी काय समजलो असतो? की व्यायाम फुकट गेला. आणि सोडून दिला असता, साखर सुधारत असताना.

वजनाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणणारेही भेटतात आणि तेही मला पटत नाही. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात, वजन १ किलोने कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो असं मोजलंय. उतरताना जिने माझ्याशी बोलतात, मला माहितेय.

आणि मग २०१७ ची गोष्ट, जी या वादात कायम दोन्ही बाजूंनी वापरली जाते. मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस, २१ फेब्रुवारी. लेखिका शोभा डे यांनी एका खूप लठ्ठ पोलिसाचा फोटो ट्विट केला आणि वर लिहिलं की आज मुंबईत "हेवी" बंदोबस्त आहे. विनोद. मुंबई पोलिसांनी लगेच उत्तर दिलं की शब्दांचे खेळ आम्हालाही आवडतात, पण हा गणवेश आणि हे अधिकारी आमचे नाहीत. ते निघाले मध्य प्रदेश पोलिसांतले निरीक्षक, वजन १८० किलो, आणि त्यांचं म्हणणं होतं की १९९३ मधे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्यानंतर हे सुरू झालं. बातमी पसरली, मुंबईतले सर्जन मुफझ्झल लकडावाला यांनी सैफी हॉस्पिटलमधे त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन विनामूल्य केलं, आणि वर्षभरात ६०-६५ किलो कमी झाले.

झालं, एका बाजूचे म्हणतात, बघा, तोंडावर बोललं म्हणून त्या माणसाचं भलं झालं. मी ही गोष्ट अनेकदा उलटसुलट करून बघितली आहे. त्या विनोदाने एक ग्रॅमही उतरलं नाही. उतरलं ते सर्जनच्या टेबलावर, आणि ते टेबल, ती फी, तो हॉस्पिटलचा बेड, हे सगळं कुणीतरी दुसऱ्याने पुढे केलं. चोवीस वर्षं तो माणूस लोकांच्या नजरा झेलतच होता की, त्याने काय झालं होतं? जे पहिल्यांदा घडलं ते "या, आपण करू" हे वाक्य.

याच मुद्द्यावर एक फार छान प्रयोग आहे, इंग्लंडमधला, २०१६ चा. मला विचाराल तर या सगळ्या भांडणात तोच सगळ्यात कामाचा आहे. लोक आपल्या फॅमिली डॉक्टरकडे वेगळ्याच कामासाठी आले होते, कुणाचा खोकला, कुणाची गोळी बदलायची. १,८८२ लोक, सगळे लठ्ठ. डॉक्टरांनी तपासणी संपताना साधारण ३० सेकंद वजनाविषयी बोलायचं, आडवळण न घेता. अर्ध्या लोकांना नुसतं सांगितलं की वजन कमी केलंत तर तब्येतीला फायदा होईल. उरलेल्या अर्ध्यांना सांगितलं की इथे एक ग्रुप आहे, आठवड्यातून एकदा, १२ वेळा, खर्च आमचा, जाल का? हो म्हणाला तर उठायच्या आधी तिथेच नाव नोंदवून दिलं. वर्षाने बघितलं तर नुसतं सांगितलेल्यांचं सरासरी १.०४ किलो कमी झालं होतं, आणि वाट दाखवलेल्यांचं २.४३. पण माझं लक्ष दुसऱ्याच आकड्याने वेधून घेतलं. न विचारता वजनाचा विषय काढला म्हणून किती जणांना ते गैर आणि बिनकामाचं वाटलं? चार. टक्के नव्हेत, चार माणसं. ८१ टक्क्यांनी सांगितलं की बोलले ते योग्य होतं आणि उपयोगी होतं.

म्हणजे माझा बारीक मित्र जे म्हणतो की जाड लोकांना काही बोलायची सोय नाही, ते साफ खोटं ठरतं. बोलता येतं, स्पष्ट बोलता येतं, आणि डॉक्टर असाल तर बोलायलाच हवं, भिडेपोटी दहा वर्षं नुसत्या बीपीच्या गोळ्या वाढवत राहणं ही काही माया नाही. फक्त तिथे बंद दारामागे बोललं गेलं, ज्याला बोलायचा हक्क आहे त्याने बोललं, आवाज चढवला नाही, आणि वाक्याच्या शेपटीला काहीतरी हातात दिलं. काकांच्या वाक्याच्या शेपटीला काय होतं? पाठीवर थाप.

हक्काचं उदाहरण आपल्याकडेच आहे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याला काय काय बोलतो ते ऐकलंत तर आपले काका संत वाटतील. आई-बाप काढतो, बैठका चुकल्या तर पाठीत रट्टा. पण पोरगं स्वतःच्या पायाने तिथे गेलेलं असतं, लाल मातीला हात लावून कपाळाला लावलेला असतो, म्हणजे "आता मला बोला" ही परवानगी त्यानेच दिलेली आहे. आणि तोच वस्ताद त्याचा खुराक बघतो, थंडाईला बदाम किती घातले ते विचारतो, लचकलेला खांदा स्वतः चोळून देतो. त्याने शिवी दिली तर ती त्या सगळ्याच्या बेरजेत जाते. आता असा विचार करा की रंकाळ्यावर फिरायला आलेल्या कुणी अनोळखी माणसाने त्याच पठ्ठ्याला "पोट आत घे रे" म्हटलं, तर काय होईल. (काय होईल ते मी लिहीत नाही, कोल्हापूरकरांना माहितेय.)

अनोळखी माणसाची आणखी एक अडचण अशी की त्याच्याकडे फक्त डोळे असतात. आणि डोळे फसवतात, हे सिद्ध करणारा माणूस पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून तो "वाय-वाय" फोटो म्हणून गाजला, आणि त्यातून भारतीय शरीराचा तो प्रकार लोकांना कळला, वरून बारीक आणि आतून चरबीदार. म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात. पर्वतीवर माझ्या शेजारून भराभर चढून जाणाऱ्या बारीक माणसांत कितीतरी जणांची साखर माझ्यापेक्षा वाईट असेल, पण त्यांना कुणी थांबवून "शाब्बास, येत राहा" म्हणत नाही. खरं तर त्यांनाही म्हणायला हवं, मग मला म्हटलेलं टोचणारच नाही. टोचतं ते याच्यासाठी की शंभर माणसं चढत असतात आणि शाब्बासकी एकट्यालाच मिळते. वर्गात एकाच पोराला "अरे वा, तू पण आलास!" म्हटल्यासारखं.

मग बोलायचं तरी काय? चारदोन गोष्टी मला स्वतःला बऱ्या वाटल्या त्या सांगतो. अनोळखी असाल तर इतरांना जे म्हणता तेच, नमस्कार, आज गारठा आहे, झालं. ओळखीचे असाल तर शरीराविषयी बोलू नका, जे चाललंय त्याविषयी बोला, "काल दिसला नाहीस" हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यात माझी जागा धरून ठेवलेली असते. घरचे असाल आणि खरोखर काळजी वाटत असेल तर आधी विचारा, "तुझ्या तब्येतीबद्दल जरा बोलू का?", आणि नको म्हणाला तर नको, पुढच्या महिन्यात परत विचारा. बोलायचं ठरलंच तर एकट्यात, आणि "तू" ने सुरू होणारी वाक्यं कमी, "मी सहाला निघतो, येतोस?" जास्त. बायकोने माझ्यासाठी केलं ते इतकंच, एक दिवस काही न बोलता तिने गजर साडेपाचचा लावला आणि स्वतःचेही बूट दाराशी काढून ठेवले. आणि "किती उतरलं?" हे विचारणं सोडाच, काटा ज्याचा त्याचा असतो.

पाचव्या दिवशी मी परत पर्वतीला गेलो तो त्या बुटांमुळे. उतरताना एक जण मागून आला, माझ्याच वयाचा, घामाघूम, हातात स्टीलची बाटली. माझा पाय बघून जाता जाता म्हणाला, "गुडघा धरतोय ना? सरळ उतरू नका, तिरकं उतरा, नागमोडी." मी तसं करून बघितलं, आणि खरंच भार कमी आला. त्यानेही मला न विचारताच सांगितलं होतं, तेही तोंडावर. मला राग आला नाही, उलट दिवसभर ते वाक्य खिशात ठेवून फिरलो. या दोन माणसांत फरक काय याचाच विचार करत मी हे सगळं वाचत सुटलो.

काकांविषयीही नंतर कळलं. त्यांची बायपास झालेली आहे, दहा वर्षं झाली, त्याआधी ते ९८ किलोचे होते, आणि मला बघितलं की त्यांना स्वतःचा जुना फोटो दिसतो. हे कळल्यावर माझा राग गेला, म्हणजे वाक्य तेव्हाही चुकीचंच होतं, पण त्यामागचा माणूस घाबरलेला होता हे लक्षात आलं.

आता सात महिने झालेत. वजन १०१, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.४ वरून ५.९ वर. परवा काका भेटले, नेहमीसारखे वरून येताना.

"काय मग, किती उतरलं?"

"पाच."

"फक्त पाच? सात महिन्यांत?"

"काका, पण आता तीन राउंड होतात."

ते थांबले. "तीन? सलग?"

"सलग नाही, मधे बसतो."

"हां, मग ठीक आहे," म्हणाले, आणि कानटोपी सारखी करून खाली गेले. त्या दिवशी तेही जरा तिरकंच उतरत होते.